रस्ता पावसात नाही, हंगामात बसतो: काळ्या मातीवरच्या एका ऊस-रस्त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं, वेदगंगा आणि दूधगंगेच्या मधल्या पट्ट्यातलं. नाव मुद्दाम देत नाही. निपाणी-चिकोडीकडे अशी गावं हाकेच्या अंतरावर आहेत. घरातली भाषा मराठी, पंचायतीचा कागद कन्नड, आणि ऊस जिकडची तोड आधी मिळेल तिकडे, मग कारखाना कर्नाटकातला असो की सीमेपलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातला.

रस्ता मळ्यातल्या वस्तीपासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा, पावणेदोन किलोमीटरचा. मुळात ती पाणंद. पुढे तिच्यावर मुरूम पडला, खडी पडली, शेवटी डांबर आलं. डांबरी पट्टा तीन मीटर रुंद. दोन्ही टोकांना माळ आहे, खाली घट्ट मुरूम. मधला साधारण साडेसहाशे मीटरचा भाग लवणातून, म्हणजे खोलगट सखल रानातून जातो. तिथे दोन्ही अंगांना काळं रान आणि त्यात बारमाही ऊस. रस्ता शेतापेक्षा चांगला दोन हात उंच हवा, तो इथे जेमतेम वीतभर उंच होता. साइडपट्टी नावालाच, कारण दर नांगरटीला शेत थोडं थोडं रस्त्याकडे सरकलेलं. गटर कुठेच नव्हतं. उलट डाव्या अंगाला, डांबराच्या कडेपासून चार फुटांवर, शेताचा पाट वाहत होता.

अडचण

नवं डांबर पडल्यावर पहिला हंगाम निभावला. दुसऱ्या हंगामात डिसेंबरमध्येच दोन चाकोऱ्या दिसायला लागल्या. चाकोरी खाली जात होती आणि तिच्या बाहेरचं डांबर फुगून वर येत होतं. जानेवारीत जाळीसारख्या भेगा पडल्या. फेब्रुवारीत भरलेली ट्रॉली गेली की त्या भेगांतून काळं, पातळ पाणी वर यायचं. मार्चमध्ये एक ट्रॉली लवणात कलंडली. माणसाला काही झालं नाही, पण ऊस रस्त्यावर, मागे वाहनांची रांग, आणि दुसऱ्या दिवशी पंचायतीसमोर माणसं.

तिथे तीन मतं होती. गावाचं म्हणणं, कंत्राटदाराने खडी खाल्ली. कंत्राटदाराचं म्हणणं, ट्रॉल्या प्रमाणाबाहेर भरतात. वाहतूकदारांचं म्हणणं, पावसाने रस्ता मऊ केला, आमच्यावर कशाला. लवणालाच लागून शेत असलेले एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं, ते मात्र वेगळंच बोलले: "पावसात काय होत न्हाई रस्त्याला. पाऊस सरला, तोड सुरू झाली की मग बसतोय बघा."

सगळ्यांनी याचा अर्थ 'ट्रॉल्यांचा दोष' असा घेतला. पण त्याच ट्रॉल्या, तेवढ्याच भरलेल्या, माळाच्या भागावरूनही जात होत्या आणि तिथे डांबराला ओरखडा नव्हता. म्हणजे नुसतं ओझं हे कारण पुरत नव्हतं. पंचायतीने मला माती बघायला बोलावलं ते या टप्प्यावर.

खड्ड्यात काय दिसलं

डाव्या, म्हणजे पाटाकडच्या चाकोरीत आडवा खड्डा घेतला. कागदावर खडी-मुरमाचा थर पुरेसा होता आणि खड्ड्यातही जाडी जवळपास तेवढीच भरली. कंत्राटदाराने खडी खाल्लेली नव्हती. पण खालची चार बोटं खडी काळ्या चिखलाने गच्च भरलेली. एकेक दगड उपसून धुतल्याशिवाय त्याचा रंग कळत नव्हता. अशी खडी एकमेकींत अडकून भार पसरवू शकत नाही, ती चिखलात नुसती तरंगते. थोडक्यात, जाडी कागदावर शाबूत होती आणि प्रत्यक्षात अर्ध्यावर आली होती.

त्याखालची माती हातात घेतली तर सुतासारखी वळी होत होती. वळी ३ मिलिमीटरपर्यंत बारीक केली तरी तुटेना, याचा अर्थ मातीत पाणी भरपूर होतं. ढेकूळ फोडल्यावर आतली पृष्ठं चकचकीत निघाली. माती मातीवर घसरून घसरून ती अशी घासली जातात. आणि खड्डा घेतल्यावर तासाभरात पाटाकडच्या भिंतीतून पाणी पाझरायला लागलं, उजव्या भिंतीतून नाही. वर धूळ उडत होती, महिना मार्चचा.

आण्णांचं वाक्य इथे उलगडलं. पावसाळ्यात माती ओली असते, पण तेव्हा रस्त्यावर मोटारसायकली आणि दुधाची गाडी, एवढीच रहदारी. काळी माती पाणी उशिरा घेते आणि त्याहून उशिरा सोडते. पाऊस थांबला तरी डांबराखालची माती वाळत नाही, कारण वरून उन्हाची वाट बंद असते. त्यात ऑक्टोबरपासून उसाला पाटाने पाणी सुरू होतं, आणि तुटलेल्या उसाच्या खोडव्यालाही लगेच पाणी दिलं जातं. रस्त्याखालची माती पुन्हा भिजते ती नेमकी गाळप हंगामात.

मातीत काय घडत होतं

दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज जास्त असतं. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते, पाणी गेलं की आकसते. ती फुगते हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. एप्रिलमध्ये रानाच्या भेगांत कोपरापर्यंत हात जातो. पण या प्रकरणात फुगणं हा दुय्यम भाग होता. मुख्य गोष्ट होती ती एकामागोमाग एक येणाऱ्या चाकांची.

भिजलेल्या चिकणमातीवरून चाक जातं तेव्हा भार क्षणभरच पडतो. तेवढ्या वेळात मातीतलं पाणी बाहेर पडू शकत नाही, कारण ही माती पाणी फार सावकाश जाऊ देते. मग भार मातीच्या कणांऐवजी कोंडलेल्या पाण्यावर पडतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सैल होते. चाक पुढे गेलं की माती बरीचशी मूळ जागी येते, पण पूर्ण येत नाही. केसाएवढा खोलगटपणा राहतो, थोडा पाण्याचा दाबही राहतो. तो ओसरायच्या आत पुढचं चाक येतं. कुंभार चिखल तुडवतो तेव्हा एका पायाने काही होत नाही, तुडवत राहिल्याने माती लोण्यासारखी होते. इथे तुडवणारे पाय टायरचे होते.

यात एक उंबरठा असतो, आणि सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं. मातीवर येणारा ताण त्या उंबरठ्याच्या खाली असेल, तर पहिल्या काही खेपांत माती थोडी दबते आणि मग स्थिरावते. हजारो खेपा गेल्या तरी विशेष फरक पडत नाही. ताण उंबरठ्याच्या वर गेला, की प्रत्येक खेप आपली भर घालत राहते आणि शेवटी माती बाजूला सरकून वर येते. चाकोरीबाहेर फुगलेलं डांबर म्हणजे हीच बाजूला सरकलेली माती. उंबरठा मातीच्या एकाच दणक्यातल्या ताकदीपेक्षा बराच खाली असतो आणि पाणी वाढलं की आणखी खाली येतो. म्हणून 'अहो, परवा याच रस्त्यावरून पोकलेन गेला, काही झालं नाही' या युक्तिवादाला अर्थ नसतो. पोकलेन एकदा गेला.

रस्त्याच्या आराखड्यासाठी मातीची भार सोसायची ताकद मोजायला आपण जी सीबीआर चाचणी करतो, तिच्यात नमुना चार दिवस पाण्यात ठेवतात आणि मग एक दट्ट्या मिनिटाला १.२५ मिलिमीटर वेगाने आत ढकलतात. काळ्या मातीचा भिजलेला सीबीआर २ टक्क्यांच्या आसपास येतो, बऱ्याचदा त्याहूनही कमी. चाचणी उपयोगाची आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण ती एकाच सावकाश ढकलण्याची चाचणी आहे. शंभरावी खेप काय करेल ते तिला विचारलेलंच नसतं.

ओझ्याचा हिशेबही सरळ चालत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मुद्दाम ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सोळापट होते, म्हणजे भाराच्या चौथ्या घाताने. आपल्याकडचा प्रमाण आस ८,१६० किलोचा धरतात. त्यावर पाव भाग जादा टाकला की झीज जवळपास अडीचपट, अर्धा भाग जादा टाकला की पाचपट. रिकाम्या ट्रॉलीचा आस २ टन आणि भरलेलीचा ८ टन धरला, तर एक भरलेली खेप रिकाम्या २५६ खेपांएवढी पडते. शिवाय तीन मीटरच्या रस्त्यावर चाकाला इकडेतिकडे व्हायला जागाच नाही. प्रत्येक चाक त्याच दोन पट्ट्यांवरून जातं.

पर्याय

चाकोऱ्या भरून वर नवीन डांबर टाकणं हा सगळ्यांचा आवडता पर्याय, कारण काम दिसतं आणि लवकर होतं. पण डांबराचं २० मिलिमीटरचं कार्पेट, म्हणजे वरचा पातळ थर, भार पसरवत नाही, फक्त पाणी अडवतं, आणि खालची माती हलत असेल तर तेही एका हंगामात फाटतं. दरवर्षी चाकोऱ्यांत खडी टाकत राहणं हा त्याचाच स्वस्त भाऊ. खडी खाली जाते, चिखल वर येतो.

गावातल्या तरुणांना सिमेंटचा रस्ता हवा होता. सिमेंटची लादी भार रुंद पसरवते हे खरं. पण कडेची माती उन्हाळ्यात आकसली आणि मधली ओलीच राहिली, तर लादीचा आधार सुटतो आणि ती उभी तडकते. पाण्याचा बंदोबस्त न करता काळ्या मातीवर सिमेंट ओतणं म्हणजे तीच चूक जास्त पैशांत.

काळी माती काढून मुरूम भरायचा, हा पर्याय ऐकायला बरोबर वाटतो आणि त्यातच फसगत आहे. चिकणमातीत खोदलेल्या चरात झिरपणारा मुरूम भरला, की आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि तळाची माती कायम भिजत राहते. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर जे काम केलं, त्यात भरावाची माती न फुगणारी पण चिकटपणा असलेली हवी यावर भर आहे. तशी माती जवळपास मिळत नव्हती. खाणीचा परवाना, रॉयल्टी आणि वाहतूक धरून अंदाजपत्रक हाताबाहेर जात होतं.

चुना हा पर्याय पुस्तकात जुना आहे, गावात नवा. मातीच्या पापुद्र्यांना चिकटलेल्या सोडियमची जागा चुन्यातलं कॅल्शियम घेतं, कण गुठळ्या धरतात, माती पाण्याला कमी भुलते. पुढे काही आठवडे-महिने चुना आणि माती यांच्यात सिमेंटसारखी क्रिया सावकाश चालू राहते. कच्चे दुवे दोन: चुना मातीत नीट मिसळला पाहिजे, आणि नंतर पाणी शिंपून मुरू दिला पाहिजे.

राहिला पाण्याचा बंदोबस्त. पाट मागे सरकवणं, गटर काढणं, लवणाच्या तळाला मोरी टाकणं. पैशांत सर्वांत स्वस्त आणि गावकीत सर्वांत महाग, कारण त्यासाठी उसाची एक सरी सोडावी लागते.

निर्णय

पहिला निर्णय झाला तो पंचायतीच्या टेबलावर. शंभर मिलिलिटरच्या दोन काचनळ्या घेतल्या, प्रत्येकीत लवणातली वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती टाकली, एकीत पाणी ओतलं, दुसरीत रॉकेल. (रॉकेल मिळवणं हीच आता मोठी कसरत.) रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी रॉकेलमधली माती १२ मिलिलिटरवर आणि पाण्यातली २१ वर होती, म्हणजे फुगवटा ७५ टक्के. ५० च्या वर गेला की माती फार फुगणारी धरतात. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांनी नळ्या तशाच ठेवल्या, आणि येणारा-जाणारा बघून जाऊ लागला. सभेत मी अर्धा तास बोललो त्यापेक्षा त्या नळ्यांनी जास्त काम केलं. 'नवीन डांबर टाका' हा आग्रह तिथे सुटला.

दुसरा निर्णय क्रमाचा होता: आधी पाणी, मग माती, मग जाडी. उपलब्ध पैशांत तिन्ही पूर्ण होत नव्हतं. मी गटर आणि मोरीसाठी आग्रह धरला आणि डांबर पुढे ढकलायला सांगितलं. धुळीत वर्षभर राहायचं म्हटल्यावर बायकांनी विरोध केला, तोही रास्त होता. वस्तीतल्या घरांसमोर पाणी मारायचं वाहतूकदारांनी कबूल केलं. डांबर लांबवण्याचं कारण असं, की नव्याने घडी बसणाऱ्या मातीला एक पावसाळा आणि एक हंगाम मिळाला, तर कमजोर जागा खडीवरच दिसतात आणि तिथेच दुरुस्त होतात.

तिसरा निर्णय ओझ्याचा. वाहतूकदाराला टनावर पैसे मिळतात, त्यामुळे 'कमी भरा' हा उपदेश वाऱ्यावर जातो. ठरलं ते एवढंच: लवणात एका वेळी एकच ट्रॅक्टर, आणि पाण्याची पाळी चालू असेल त्या दिवशी शेजारच्या फडातला ऊस दुसऱ्या वाटेने. पाण्याचा दाब ओसरायला मध्ये वेळ मिळावा, हा हेतू. रात्रीच्या खेपांना हे पाळलं जाईल अशी माझी तेव्हाही खात्री नव्हती.

काम

हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये सुरुवात झाली. जुनी खडी उपसून बाजूला लावली, चिखल झटकून चाळली. निम्मीअधिक पुन्हा वापरता आली. चुन्याची फक्की थराच्या वजनाच्या ४ टक्के धरली. १५ सेंटिमीटरच्या थराला चौरस मीटरमागे साधारण ९ किलो पडते, म्हणून २५ किलोचं पोतं किती अंतरावर फोडायचं ते दोरीने आखून दिलं. मिसळायला गावातलेच रोटाव्हेटर. एका फेरीत ढेकळं फुटली नाहीत. पाणी शिंपून रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी पुन्हा फिरवलं. आदल्या दिवशी बुटाला चिकटून येणारी माती सकाळी मुठीत रवाळ झाली होती. रोटाव्हेटरवाल्याने ती दोन-तीनदा उचलून बघितली आणि विचारलं, "साहेब, रानात टाकला तर?" त्याला नको म्हणून सांगितलं, या भागातल्या मातीत चुन्याचा अंश आधीच असतो.

फक्की डोळ्यांत आणि घामाच्या अंगावर भाजते. कामावरच्या माणसांना चष्मे, हातमोजे आणि गमबूट दिले, वारा सुटला की काम थांबवलं. असे दोन थर रोलरने दाबून आठवडाभर ओले ठेवले. वर मुरूम घेतला तो पूर्ण रुंदीत, थेट गटराच्या कडेपर्यंत, म्हणजे त्यातलं पाणी बाजूला निघून जाईल. त्यावर खडी. रस्ता शेतापेक्षा दोन फूट वर आला.

पाट मात्र सगळीकडे सरकला नाही. डाव्या अंगाच्या एका शेतकऱ्याने सरी सोडायला नकार दिला. त्याच्या बांधालगत सव्वाशे मीटरमध्ये गटर झालं नाही, पाट आहे तिथेच राहिला. चुना आणि खडी मात्र त्या तुकड्यातही इतरांसारखीच पडली.

निकाल

पुढच्या हंगामात लवणाचा बहुतेक भाग टिकला. चाकोरी पडली, पण डिसेंबरमध्ये जेवढी दबली तेवढीच मार्चमध्ये होती. उंबरठ्याच्या खाली राहिलेली माती अशीच वागते. सव्वाशे मीटरचा तुकडा मात्र जानेवारीपासून खाली जात राहिला, तोही पाटाकडच्या चाकाखालीच. तीच माती, तोच चुना, त्याच ट्रॉल्या. चुन्याचे थर उकरून पाहिले तर टणक होते. दबली होती ती त्यांच्या खालची, चुना न पोचलेली माती.

एके काळी मलाही वाटायचं, की चुना घातला म्हणजे पाण्याची चिंता मिटली. या तुकड्यानंतर तसं कुणी म्हणालं तर मी त्याला तिथे घेऊन जातो.

खेपांमध्ये अंतर ठेवायचा नियम दिवसा पाळला गेला, रात्री नाही. कारखान्याच्या काट्यावर नंबर लावायचा असतो, त्यामुळे पहाटे तीन-चार ट्रॅक्टर एकामागे एक निघतात. त्याचा परिणाम वेगळा काढून दाखवता येईल एवढी मोजणी झाली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, पाटाची बोलणी. ती अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर सुरू झाली; तोवर शेतकऱ्याला कळलं होतं, की रस्ता आपल्या संमतीवाचूनही होणार आहे. संमतीपत्रं हातात आल्याशिवाय अंदाजपत्रकच करायचं नाही, हा क्रम जास्त बरा ठरला असता.

माळाचा मुरूम संपून काळी माती सुरू होते त्या सांध्यावर दोन्ही टोकांना खोलगट जागा राहिली. टणक आणि मऊ यांच्या सीमेवर चाक आपटतं आणि प्रत्येक खेपेला भार वाढतो. चुन्याचा थर माळाच्या अंगाला दहा-पंधरा मीटर पुढे नेऊन हळूहळू संपवायला हवा होता. खर्च किरकोळ होता.

ठोकून माती तपासायचा शंकू (८ किलोचा हातोडा, ५७५ मिलिमीटरवरून सोडायचा, आणि दर ठोक्याला टोक किती आत जातं ते मोजायचं) मार्चमध्ये फक्त चाकोरीत मारला गेला. तो ऑक्टोबरमध्ये, पाण्याची पहिली पाळी झाल्यावर, कडेपासून मध्यापर्यंत मारला असता, तर ओल कुठवर येते ते काम सुरू व्हायच्या आधी कळलं असतं. काळ्या मातीच्या गावात चाचणी उन्हाळ्यात उरकणं सोयीचं पडतं, पण उन्हाळ्यातला आकडा हंगामाच्या कामाचा नसतो. आणि एकाच जिल्ह्यात आहे म्हणून खानापूरच्या जांभ्यावर चाललेला आडाखा इथे आणू नये. अंदाजपत्रक तयार करताना हे सर्रास होतं.

सव्वाशे मीटरचं घोडं अजून अडलेलंच आहे. त्या शेतकऱ्याची अडचण खोटी नाही: पाट मागे घेतला तर वरच्या टोकाच्या तीन सऱ्यांना पाणी चढत नाही. आता पाटाच्या जागी बंद पाइप टाकून त्याला वरच्या टोकाला तोंड द्यायचं, अशी बोलणी चालू आहेत. पाइपचा खर्च पंचायतीने करायचा की वाहतूकदारांनी, यावर घोळ आहे. तोवर त्या तुकड्यावर डांबर टाकू नये असं लेखी दिलं आहे.